सपाट लोगो काचेच्या ग्लासवर गुंडाळलेला कसा दाखवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सपाट लोगोची फाइल आहे आणि ग्लासचा फोटो आहे. फोटोशॉपमध्ये वॉर्प (चित्र वाकवायचं साधन) यातला ‘आर्क’ हा तयार आकार लावून लोगो वाकवला, तरी तो ग्लासवर छापलेला वाटत नाही. फोटोवर वाकडा कागद ठेवल्यासारखा दिसतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा तीन गोष्टी एकदम चुकलेल्या असतात. वाक ग्लासवरून मोजून न घेता अंदाजाने दिलेला असतो. लोगो खाली-वर वाकतो, पण दोन्ही टोकांना आडवा आवळला जात नाही. आणि शाई काचेच्या कोणत्या बाजूला आहे, याचा विचार न करता ब्लेंड मोड (वरचा लेयर, म्हणजे चित्राचा थर, खालच्यात कसा मिसळायचा ते ठरवणारी सोय) लावलेला असतो. पहिल्या दोन चुका भूमितीच्या आहेत, त्या मोजमापाने पूर्ण सुटतात. तिसरीला नजर लागते, पण तिच्यामागेही कारणं आहेत आणि ती समजली की हात चाचपडत नाही.

माझं ठाम मत असं की लोगो वाकवायचाच नाही. ग्लासच्या समोरच्या अर्ध्या भागाला बरोबर गुंडाळला जाईल असा एक आडवा पट्टा तयार करायचा, तो पट्टा ग्लासवर नीट बसवायचा आणि लोगो त्या पट्ट्याच्या आत ठेवायचा. लोगोला स्वतःची मापं असतात, ग्लासला स्वतःची. वाक ग्लासचा आहे, म्हणून तो ग्लासच्या मापानेच द्यायला हवा. शिवाय पट्टा एकदा बसला की आतला लोगो बदला, डावीकडे सरकवा, लहान करा, भूमिती बरोबरच राहते.

आधी ग्लास मोजा. फोटोत ग्लास तिरका असेल तर फोटोच फिरवून तो उभा करा आणि ग्लासच्या मधोमध एक उभी गाइड (फक्त जुळवणीसाठीची रेषा) टाका. हा ग्लासचा आस. आता एलिप्स टूलने, फिल न देता एक पिक्सेलच्या रेषेने, काठावर लंबवर्तुळ बसवा. जाड काठाला आतलं आणि बाहेरचं अशी दोन लंबवर्तुळं दिसतात, आपल्याला बाहेरचं हवं. दुसरं लंबवर्तुळ बुडाशी बसवा. बुडाचा फक्त समोरचा अर्धा भाग दिसतो, तेवढा जुळला की पुरे. ग्लासात पेय असेल तर त्याच्या पातळीचं लंबवर्तुळ तिसरा पुरावा म्हणून वापरता येतं, पण ते काचेच्या आतल्या बाजूचं असल्यामुळे थोडं अरुंद असतं, हे लक्षात ठेवा.

कॅमेरा काठाच्या वर असेल तर प्रत्येक आडवी रेषा मध्यभागी खाली झुकते, दोन्ही टोकं वर जातात. कॅमेरा बुडाच्याही खाली असेल तर उलट, कमानीसारखी. आणि नजरेच्या बरोबर पातळीत असलेली रेषा सरळ दिसते. एकाच ग्लासवर कॅमेऱ्यापासून जितकं खाली जाल तितकं लंबवर्तुळ गोलाकडे झुकतं. काठाचं चपटं, बुडाचं फुगीर. म्हणून लोगोच्या वरच्या आणि खालच्या कडेचा वाक कधीच अगदी सारखा नसतो, आणि दोन्हीकडे एकच वाक दिला की डोळ्याला खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी. १२ सेंटिमीटर उंचीचा ग्लास ६० सेंटिमीटरवरून टिपला तर काठाकडे आणि बुडाकडे बघण्याच्या कोनात १०-११ अंशांचा फरक पडतो. दोन-अडीच मीटरवरून लांब लेन्सने टिपला तर तोच फरक ३ अंशांच्या आसपास येतो.

आता एक उदाहरण पूर्ण करू. सरळ बाजूंचा ग्लास आहे, फोटोत त्याची रुंदी ८०० पिक्सेल, म्हणजे त्रिज्या ४००. काठाच्या लंबवर्तुळाची उंची १६० पिक्सेल, बुडाच्या लंबवर्तुळाची २००. ग्लासच्या मध्यावर ती १८० धरायची. त्याचं अर्धं म्हणजे ९०, हा आपला ‘झुकाव’. लोगो मध्यावर येणार असेल तर हाच आकडा कामाचा.

ग्लासच्या समोरच्या मधल्या रेषेपासून कोन मोजला, तर त्या कोनावरचा बिंदू आसापासून त्रिज्या गुणिले साइन इतका दूर दिसतो. आणि मधल्या बिंदूपेक्षा तो झुकाव गुणिले (१ वजा कोसाइन) इतका वर चढतो. सगळं गणित एवढंच आहे. वरच्या ग्लाससाठी ते असं येतं:

३० अंशांवर: आसापासून २०० पिक्सेल, वर १२ पिक्सेल.
४५ अंशांवर: २८३ पिक्सेल, वर २६.
६० अंशांवर: ३४६ पिक्सेल, वर ४५.
९० अंशांवर, म्हणजे ग्लासच्या कडेवर: ४०० पिक्सेल, वर ९०.

यातला आडवा भाग नीट बघा. ३० अंशांची पट्टी सपाट असताना २०९ पिक्सेल रुंद असते. मध्यापासूनच्या पहिल्या ३० अंशांत ती २०० दिसते, पुढच्या ३० अंशांत १४६ आणि शेवटच्या ३० अंशांत फक्त ५४. नुसत्या आर्कने किंवा आर्चने हे आवळणं मिळतच नाही, कारण ते फक्त वाकवतात. लोगोची शेवटची अक्षरं मधल्या अक्षरांइतकीच रुंद राहतात आणि डोळ्याला तिथे गोलाई नव्हे, वाकवलेला सपाट पुठ्ठा दिसतो. ४५ अंशांवरचं अक्षर मधल्या अक्षराच्या ७१ टक्के रुंद दिसायला हवं, ६० अंशांवरचं निम्मं.

लोगो किती रुंद ठेवायचा, तेही यातूनच निघतं. मध्यापासून दोन्ही बाजूंना ४५ अंश, म्हणजे ग्लासच्या दिसणाऱ्या रुंदीच्या साधारण ७० टक्के, ही मर्यादा पाळा. त्यापलीकडे अक्षरं वाचायला त्रास होतो. गुंडाळल्याचा भास वाढवायचा असेल तर वाचायची अक्षरं या हद्दीत ठेवा आणि एखादी पट्टी किंवा नक्षी थेट कडेपर्यंत जाऊ द्या. कडेला आवळत गेलेली नक्षी बघणाऱ्याला गोलाई पटवून देते.

पट्टा बनवायची पद्धत. अर्ध्या परिघाची लांबी त्रिज्येच्या ३.१४१६ पट, म्हणून आपला पट्टा १२५७ पिक्सेल रुंद. उंची लोगोला पुरेशी, समजा ४०० पिक्सेल. हा आयत वेगळ्या फाइलीत दुप्पट मापाने, २५१४ बाय ८०० पिक्सेल, बनवलात तर पुढे कडा धारदार राहतात. आयत रंगाने पूर्ण भरा, त्यावर सहा समान उभे भाग (प्रत्येक ३० अंशांचा) पाडणाऱ्या रेषा आणि चार-पाच आडव्या रेषा काढा, प्रत्येक भागात एकेक गोल टाका. ही आपली जाळी. मग हे सगळं एकत्र निवडून स्मार्ट ऑब्जेक्ट (आतलं चित्र नंतरही बदलता येतं असा लेयर) करा. स्मार्ट ऑब्जेक्ट करताना पट्टा पूर्ण भरलेला असणं महत्त्वाचं आहे. नुसता लोगो स्मार्ट ऑब्जेक्ट केला तर त्याची हद्द लोगोपुरतीच धरली जाते आणि पट्ट्याचा सगळा हिशेब कोसळतो. जाळी नंतर लपवता येते, हद्द तशीच राहते.

पट्टा फोटोवर आणा, १२५७ पिक्सेल रुंदीला बसवा, मध्य आसावर ठेवा. तो ग्लासच्या दोन्ही बाजूंना बाहेर येईल, तसाच राहू द्या. आसापासून दोन्हीकडे २००, ३४६ आणि ४०० पिक्सेलवर उभ्या गाइड टाका. काठाचं लंबवर्तुळ कॉपी करून पट्ट्याच्या वरच्या कडेवर आणि बुडाचं खालच्या कडेवर ठेवा, मात्र त्यांची उंची त्या जागेनुसार बदला. पट्टा ग्लासच्या वरच्या पाव भागापासून खालच्या पाव भागापर्यंत असेल तर वरच्या लंबवर्तुळाची उंची १७०, खालच्याची १९०.

आता एडिटमधून ट्रान्सफॉर्म, त्यातून वॉर्प. वरच्या पट्टीतला उभा स्प्लिट घेऊन जाळीतल्या पाचही उभ्या रेषांवर वॉर्प फोडा. वाक देण्याआधीच फोडा, नंतर फोडलं तर रेषा नेमक्या कुठे पडल्या ते कळत नाही. मग प्रत्येक रेषेचा वरचा आणि खालचा बिंदू ओढून आपापल्या गाइडवर आणि लंबवर्तुळावर नेऊन ठेवा. वरच्या कडेचे बिंदू मध्यापेक्षा ११, ४३ आणि ८५ पिक्सेल वर जातील, खालच्या कडेचे १३, ४८ आणि ९५.

बिंदू जागेवर आले की काम संपत नाही. प्रत्येक बिंदूला रेषेची दिशा ठरवणारे दांडे (हँडल) असतात आणि ते लंबवर्तुळाला स्पर्श करून जायला हवेत. मध्यावर दांडा अगदी आडवा. ३० अंशांवर थोडा चढता, ६० अंशांवर स्पष्ट चढता, ग्लासच्या कडेवर जवळजवळ उभा. दांडे जसेच्या तसे सोडले तर प्रत्येक फोडीच्या जागी बारीक मोड दिसतो. लांब आडवी रेषा असलेल्या लोगोत तो लगेच उघडा पडतो. जाळीतले गोल बघत चला. मधले गोल गोल राहिले पाहिजेत, बाजूचे उभट झाले पाहिजेत, आणि डाव्या-उजव्या जोड्या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा वाटल्या पाहिजेत.

नव्या आवृत्त्यांत वॉर्पच्या यादीत सिलिंडर हा पर्याय आहे. तो आवळणं आणि वाक दोन्ही एकदम देतो आणि सरळ ग्लासवर घाईच्या कामाला चांगला चालतो. तोही लोगोवर नव्हे, पट्ट्यावरच लावा, आणि लंबवर्तुळाच्या गाइड ठेवूनच जुळवा. जुन्या आवृत्तीत यातलं काहीच नसेल तर पट्ट्यावर फिल्टरमधला स्फेराइझ ‘हॉरिझॉन्टल ओन्ली’ ठेवून लावा, मग रुंदी ८०० वर आणा, मग आर्चने वाक द्या. स्फेराइझ नीट लागला की नाही, हे जाळीवरून तपासता येतं. जाळीच्या रेषा मध्यापासून अर्ध्या रुंदीच्या ०.५ आणि ०.८७ पटीवर आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर अमाउंट बदलून जुळवा.

आर्क आणि आर्च ही नावं सारखी वाटतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आर्क लोगोला पंख्यासारखा पसरवतो, म्हणजे उभ्या रेषा टोकाकडे तिरप्या होतात. आर्च उभ्या रेषा उभ्याच ठेवतो, फक्त खाली-वर सरकवतो. सरळ बाजूंच्या ग्लासवर उभी रेषा उभीच दिसते, म्हणून तिथे आर्च, आणि कॅमेरा वरून असेल तर बेंड उणे. देवनागरी लोगोत ही चूक सर्वांत आधी उघडी पडते. शिरोरेषा लंबवर्तुळावरून वळत गेली पाहिजे आणि प्रत्येक काना ग्लासच्या कडेला समांतर, ताठ उभा राहिला पाहिजे. आर्क लावला की टोकाचे काने बाहेर कलतात आणि शब्द ग्लासवरून सुटून पंख्यासारखा उघडतो. ४५ अंशांवरच्या अक्षरात शिरोरेषा तिरपी आणि काना उभा, हा तिरकसपणा चुकीचा नाही, तोच खरा आहे. तो ‘सरळ’ करायच्या फंदात पडू नका.

आर्चचा वाक हा लंबवर्तुळाचा तुकडा नसतो, कडेजवळ तो पुरेसा चढत नाही. लोगो ४५ अंशांच्या आत असेल आणि टोकं जुळवली असतील तर आपल्या उदाहरणात चूक एखाद्या पिक्सेलची, म्हणजे न दिसणारी. ६० अंशांपर्यंत गेलात तर साडेतीन पिक्सेलच्या आसपास जाते आणि शिरोरेषेत दिसू लागते. तिथे स्प्लिटची पद्धतच हवी.

लोगो ग्लासच्या मधोमध नको, थोडा बाजूला वळलेला हवा, अशी मागणी बरेचदा येते. बसवलेला लोगो सरळ उचलून डावीकडे सरकवला तर काम बिघडतं, कारण त्याचा सर्वांत खालचा बिंदू आसावरून हलतो आणि ग्लासला दोन आस असल्यासारखं दिसतं. पट्ट्याच्या आत जाऊन लोगो सरकवा. २० अंश वळवायचा असेल तर १२५७ ला १८० ने भागून २० ने गुणा, म्हणजे १४० पिक्सेल. पट्ट्याची फाइल दुप्पट मापाची असेल तर २८०.

निमुळत्या ग्लासला, म्हणजे काठाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असलेल्याला, वरच्या आणि खालच्या कडेसाठी त्रिज्या वेगवेगळी घ्या. फोटोशॉपच्या गाइड तिरप्या होत नाहीत, म्हणून इथे त्यांच्या जागी साध्या रेषा काढा. त्या खाली एकमेकींकडे झुकतील, आणि काने त्या झुकत्या रेषांना समांतर जातील. पट्ट्याची रुंदी मधल्या त्रिज्येवरून काढा. एक बारीक गोष्ट इथे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पूर्ण सरळ ग्लाससुद्धा वरून आणि जवळून टिपला की फोटोत खाली निमुळता दिसतो. त्यामुळे ग्लास प्रत्यक्षात कसा आहे ते आठवू नका, फोटोत काठाशी आणि बुडाशी रुंदी किती आहे ते मोजा. जवळून टिपलेल्या फोटोत समोरचा पूर्ण १८० अंशांचा भागही दिसत नाही. ८ सेंटिमीटर व्यासाचा ग्लास, कॅमेरा आसापासून ४० सेंटिमीटरवर, तर साधारण १६८ अंशच दिसतात. ४५ अंशांच्या आतल्या लोगोला याने फारसा फरक पडत नाही, कडेपर्यंत जाणाऱ्या नक्षीला पडतो.

पोट सुटलेल्या ग्लासचा प्रश्न वेगळा आहे. तो दोन्ही दिशांनी वक्र असतो आणि सपाट कागद अशा पृष्ठावर ताणल्याशिवाय बसतच नाही. तिथे लोगो लहान ठेवा, पट्ट्यात दोन-तीन आडव्या फोडी वाढवून उभ्या दिशेनेही तसंच आवळा. मोठं काम असेल तर सरळ त्रिमितीत जा.

भूमिती जमली की उजेडाकडे वळू. इथे सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे लोगोच्या लेयरला सरसकट मल्टिप्लाय (खालचं चित्र वरच्यातून दिसू देणारा ब्लेंड मोड) लावणं. मग लोगोमधून मागच्या काचेच्या रेषा, पेयाची पातळी, मागचं टेबल असं सगळं दिसत राहतं आणि लोगो रंगीत जिलेटिनच्या कागदासारखा होतो. ग्लासवर छापलेली शाई सहसा अपारदर्शक असते आणि काचेच्या बाहेरच्या पृष्ठावर बसलेली असते. म्हणजे काचेच्या आतलं आणि मागचं तिने झाकायला हवं, आणि बाहेरच्या पृष्ठावरची चकाकी मात्र तिच्यावरून गेली पाहिजे. काय झाकायचं आणि काय वर ठेवायचं, एवढं पक्कं झालं की लेयर आपोआप ठरतात.

लोगोचा मोड नॉर्मल, ओपॅसिटी (अपारदर्शकता) ९२ ते ९७ टक्के. त्याच्यावर फोटोची एक प्रत लोगोला क्लिप करा (म्हणजे ती लोगोच्या आकारापुरतीच दिसेल), २० पिक्सेलच्या आसपास गॉसियन ब्लर द्या आणि सॉफ्ट लाइटमध्ये ३०-४० टक्क्यांवर ठेवा. ब्लरमुळे मागच्या बारीक रेषा पुसल्या जातात, कडेकडे जाणारी मोठी सावली तेवढी उरते, आणि आपल्याला तीच हवी. त्याच्यावर फोटोची दुसरी प्रत, ब्लरशिवाय, तीही क्लिप करून, स्क्रीन मोडमध्ये. तिच्यावर लेव्हल्स लावून काळा बिंदू १५० ते १८० पर्यंत आणा (उजेडाच्या मापात ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं), म्हणजे फक्त चकाकीच्या पट्ट्या उरतील. शाई चकचकीत दाखवायची तर ओपॅसिटी ७० पर्यंत, मॅट दाखवायची तर ती २० वर उतरवा आणि चकाकीला थोडा ब्लर द्या, कारण मॅट पृष्ठावर चकाकी पसरते. मागच्या काचेवरची चकाकी या प्रतीत आलेली असेल तर मास्कवर (लेयरचा कोणता भाग दिसायचा ते ठरवणाऱ्या थरावर) काळा ब्रश फिरवून ती काढून टाका. समोरची कोणती आणि मागची कोणती, हे ओळखायला आकार बघा. समोरची चकाकी उभी, सलग आणि ग्लासच्या कडेला समांतर असते, मागची पेयाच्या पातळीशी तुटते किंवा जागा बदलते.

पांढरा लोगो शुद्ध पांढरा ठेवू नका. २५५ वर ठेवलात तर त्याच्यावर चकाकी दिसायला जागाच उरत नाही. २२५ ते २३५ च्या दरम्यान ठेवा आणि फोटोतल्या एखाद्या पांढऱ्या वस्तूची रंगछटा उचलून त्यात मिसळा. मागून उजेड दिलेल्या फोटोत तर पांढरी शाई करडी, कधी बरीच गडद दिसते, कारण मागचा प्रकाश ती अडवते आणि समोरून तिच्यावर फारसं काही पडत नाही. अशा फोटोत झळझळीत पांढरा लोगो बसवला की तो हवेत तरंगतो.

कोरलेल्या, म्हणजे धूसर काचेच्या लोगोची रीत पूर्ण वेगळी. तिथे शाईच नसते, काच खरबरीत केलेली असते आणि ती प्रकाश विखरते. फोटोची प्रत घ्या, ८ ते १५ पिक्सेल ब्लर द्या, बसवलेल्या लोगोचा आकार मास्क म्हणून लावा, कर्व्हजने थोडी उजळ करा आणि २ टक्के नॉइज घाला. गडद पार्श्वभूमीवर असा लोगो उजळ दिसतो, उजळ पार्श्वभूमीवर उलट करडा दिसतो, कारण तो आजूबाजूचा प्रकाश गोळा करून सरासरी दाखवतो. बाहेरून थंड पाण्याचे थेंब असतील तर थेंबाखालचा कोरीव भाग जवळपास पारदर्शक दिसू द्या, पाणी खरबरीतपणा भरून काढतं.

शेवटचा हात धारेवर फिरवा. संगणकावर बनलेला लोगो फोटोपेक्षा नेहमी जास्त धारदार असतो. ३००० पिक्सेल रुंद फोटोत ०.४ ते ०.८ पिक्सेल गॉसियन ब्लर आणि १ ते २ टक्के नॉइज साधारण पुरतो. जुळवताना ग्लासचा काठ १०० टक्क्यांवर मोठा करून बघा आणि लोगोची कड तितकीच मऊ करा. ग्लासच्या कडेकडे फोटो फोकसमधून सुटत असेल तर लोगोही तिथे मऊ व्हायला हवा.

ग्लासच्या मागच्या बाजूलाही छाप असेल तर तो काचेतून उलटा, म्हणजे आरशातल्यासारखा दिसेल आणि त्याचा वाक समोरच्याच्या विरुद्ध असेल. तोच पट्टा आडवा उलटा करून लंबवर्तुळाच्या मागच्या अर्ध्यावर बसवा. ग्लास रिकामा असेल तर एवढं बस्स. पाण्याने भरलेला असेल तर पाणी दंडगोल भिंगासारखं काम करतं. मागच्या पृष्ठावरचा छाप मध्यभागी आडवा सुमारे दुप्पट रुंद दिसतो, उंची मात्र बदलत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्याला २ वजा १.३३ ने भागलं की १.९९ येतं, ही ती दुप्पट. पाण्याच्या पातळीशी हा छाप तुटतो, वर अरुंद आणि खाली रुंद. ही तुटलेली रेषा दाखवलीत तर काच आणि पाणी दोन्ही पटतात. समोरच्या छापावर पाण्याचा असा परिणाम होत नाही, कारण तो पाण्याच्या अलीकडे आहे. ग्लासपासून बऱ्याच मागे असलेल्या वस्तू मात्र भरलेल्या ग्लासातून डाव्या-उजव्या उलट्या दिसतात, त्या फोटोत आधीच आलेल्या असतात, त्यांना हात लावू नका.

इतर साधनांबद्दल थोडक्यात. इलस्ट्रेटरमध्ये ग्लासची अर्धी बाह्यरेषा काढून थ्रीडीमधला रिव्हॉल्व्ह द्या, लोगो आधी सिम्बॉल म्हणून साठवा, मॅप आर्टने लावा आणि ‘इनव्हिजिबल जॉमेट्री’ निवडा, म्हणजे ग्लास गायब होऊन फक्त वाकलेला लोगो उरतो. पोट सुटलेल्या ग्लासला ही पद्धत फार सोयीची. जिंप या मोफत प्रोग्राममध्ये फिल्टर्स, मॅप, मॅप ऑब्जेक्ट इथे सिलिंडर मिळतो. शेकडो लोगो एकाच ग्लासवर बसवायचे असतील तर छोटा प्रोग्राम लिहा, पण उलट्या दिशेने. फोटोतला प्रत्येक पिक्सेल घ्या, आसापासूनचं अंतर भागिले त्रिज्या, त्याचा साइन-व्यस्त म्हणजे कोन. कोन रेडियनमध्ये घेऊन त्रिज्येने गुणला की सपाट लोगोतलं आडवं स्थान मिळतं. फोटोतल्या उभ्या स्थानातून झुकाव गुणिले कोसाइन वजा केलं की उभं स्थान. लोगोतून फोटोकडे गेलात तर मध्ये भोकं पडतात, फोटोतून लोगोकडे आलात तर पडत नाहीत. दुप्पट मापात काढून मग लहान करा, कडा गुळगुळीत येतात.

डिस्प्लेसमेंट मॅप हाही मार्ग अनेकदा सुचवला जातो. कापडाच्या चुण्यांना तो उत्तम, ग्लासला मी तो वापरू नका असंच सांगेन. फोटोच्या उजेड-अंधारावरून तो सरकवतो, १२८ चा करडा म्हणजे जागचं न हलणं, आणि काचेच्या फोटोत उजेड-अंधार गोलाईचा नसतो, प्रतिबिंबांचा असतो. चकाकीची पट्टी जिथे असेल तिथे लोगोला विनाकारण झटका बसतो.

फोटोतला लोगो मान्य झाला की तोच स्टिकरवर छापून खऱ्या निमुळत्या ग्लासवर लावायचा प्रसंग येतो, तेव्हा वरचा पट्टा वापरता येत नाही. शंकूच्या आकाराचा ग्लास उलगडला की कमानीसारखा तुकडा मिळतो. काठाचा व्यास ८ सेंटिमीटर, बुडाचा ६ आणि बाजूची तिरपी उंची १२ असेल, तर उंची गुणिले काठाची त्रिज्या, भागिले दोन त्रिज्यांमधला फरक. म्हणजे १२ गुणिले ४ भागिले १, बाहेरच्या कमानीची त्रिज्या ४८ सेंटिमीटर. आतली ३६. पूर्ण गुंडाळीचा कोन ३६० गुणिले १ भागिले १२, म्हणजे ३० अंश. छापायची फाइल या कमानीवर वाकवायची, आणि इथे आर्कच बरोबर, कारण उभ्या रेषा खरोखर पंख्यासारख्या पसरतात. हे न करता १२ सेंटिमीटर लांबीची सरळ पट्टी अशा ग्लासच्या मध्यावर लावली तर तिची दोन्ही टोकं साधारण ४ मिलिमीटर वर चढतात, आणि समोरून सरळ वाटणारा लोगो ग्लास फिरवताच काठाकडे पळताना दिसतो.